नाना राऊला गेले नाहीत

मी देव मानत नाही हे कळलं की लोक हमखास विचारतात, "कधीपासून?" शुगर कधीपासून आहे असं विचारावं, अगदी तसं. आवाजात थोडी काळजी, थोडं कुतूहल, आणि एखाद्याच्या चेहऱ्यावर औषध सुचवण्याची घाई. तरुणपणी मी अशा वेळी तावातावाने वाद घालायचे. आता पन्नाशी आली, तो उत्साह राहिला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर मला पक्कं माहीत आहे, फक्त चहा पिता पिता सांगण्यासारखं ते नाही. आई होती तोवर लिहायलाही धजावले नाही. ती गेल्या वर्षी गेली, म्हणून आता लिहायला बसले आहे.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. आमची इंदूरच्या परदेशीपुऱ्याकडची वस्ती बहुतेक हिंदी बोलणारी, आणि हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील. त्यामुळे शाळेतल्या मैत्रिणी बरीच वर्षं समजत होत्या की मी आजोळी राहते. मी एकुलती एक. कागदोपत्री शालिनी, पण घरात आणि गल्लीत बेबी. इंदूरच्या मराठी घरांत तेव्हा दर तिसऱ्या दाराआड एक बेबी असायची, आणि तिचे केस पिकले तरी हाक बदलायची नाही. नाना मिलमध्ये फिटर होते. कापड विणणारे माग बिघडले की दुरुस्त करायचे. शेकडो माग एकदम चालत असलेल्या खात्यात आयुष्य गेल्यामुळे ते घरातही ओरडून बोलायचे. मीठ मागितलं तरी शेजारचे दचकायचे.

आईचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ती तांदूळ वैरायची. नाना सायकलवरून येऊन, हातांचं तेल साबणाने घासून, पाटावर बसेपर्यंत भात बरोबर मोकळा शिजलेला असायचा. भोंगा थांबला त्यानंतर महिनाभर आमच्याकडे भात कधी गोळा व्हायचा, कधी टोचरा राहायचा. भिंतीवर चांगलं चालणारं घड्याळ होतं, पण आईचा हात त्या घड्याळाला ओळखत नव्हता. नाना काही न बोलता तो भात खायचे. नेहमी ओरडून बोलणारा माणूस गप्प जेवायला लागला की घर किती मोठं वाटतं हे मला तेव्हा समजलं.

मिल एका दिवसात बंद पडली नाही. आधी रात्रीची पाळी गेली, मग दुपारची, मग एके दिवशी फाटकावर कागद लागला. बाजारात त्याच सुमारास नवनवीन वस्तू यायला लागल्या होत्या. कृष्णपुऱ्याच्या बाजूला दुकानांच्या काचा मोठ्या होत चालल्या होत्या, टीव्हीवर एकाचे दहा चॅनल झाले होते, आणि देश पुढे चालला आहे असं सगळे म्हणत होते. चालला असेलही. आमच्या गल्लीत एवढंच कळत होतं की पुरुष दिवसा घरी दिसायला लागले आहेत. बनियनवर ओट्यावर बसलेले, पेपर दुसऱ्यांदा वाचणारे. बायकांची दुपारची गप्पांची, भाजी निवडायची जागा त्यांनी घेतली आणि त्यांनाच तिथे अवघडल्यासारखं व्हायचं.

त्या घरातली सगळ्यात मोठी भक्त मी होते. आई सणावारापुरती, नाना मिलच्या गणपतीपुरते, पण मी रोजची. सकाळी ओल्या केसांनी बसून गणपतीच्या स्तोत्राची एकवीस आवर्तनं करायचे, बुधवारी खजराण्याच्या गणपतीला जायचे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला देव आवडायचा. आता लिहितानाही ते आठवतं आणि जरा हेवा वाटतो त्या मुलीचा. स्तोत्र संस्कृतात असलं तरी त्यानंतरचं आमचं बोलणं शुद्ध इंदुरी असायचं. "देख भिया, वो नानाची खांसी बंद कर दे यार, बाकी मी काही मागत नाही," असं मी गणपतीला अगदी हात जोडून म्हणत असे, आणि दुसऱ्याच मिनिटाला बारावीचे मार्क मागत असे.

खोकला नानांना बरीच वर्षं होता. मिलमधल्या सगळ्यांनाच होता, त्यामुळे त्याला कोणी आजार समजत नव्हतं. मिल बंद झाल्यावर मात्र तो वाढला. जिना चढताना ते मध्येच थांबायचे आणि भिंतीवरचं काही तरी बघत असल्याचं नाटक करायचे. शेवटी आईने त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, मी सोबत होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "ही कापसाच्या धुळीची छाती आहे. आता एक कण धूळ नको. दोन महिने स्वच्छ हवेत पूर्ण आराम. ऐकलं नाहीत तर पुढे माझ्या हातात काही राहणार नाही." त्यात समजण्यासारखं अवघड काहीच नव्हतं. आईने लगेच राऊच्या मामाला निरोप धाडला. इंदूरबाहेरचं राऊ तेव्हा गावासारखंच होतं, मामाचं घर शेताला लागून, मागे विहीर आणि कडुनिंब. त्याने पुढची खोली रिकामी करून ठेवली.

पण श्रावण लागला होता, आणि श्रावण म्हणजे झांकी. इंदूरबाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण जातं. अनंत चतुर्दशीला इथल्या मिलच्या झांक्या निघतात. मोठमोठ्या गाड्यांवर पुराणातले प्रसंग, हलत्या मूर्ती, हजारो दिवे, आणि बघायला सगळं शहर रस्त्यावर. मिल बंद झाल्या तरी झांक्या बंद झाल्या नाहीत. कामगार वर्गणी काढून, घरच्या भाकऱ्या खाऊन त्या बनवत राहिले. त्यांच्यात एक समजूत पक्की बसली होती की झांकी निघते आहे तोवर मिल जिवंत आहे. एक साल खंड पडला तर भोंगा कायमचा गेला. ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे, पण ती कोणालाच मोडायची नव्हती, आणि आमच्या मिलच्या झांकीतल्या मूर्ती हलवणारं सगळं यंत्र नानांचं असायचं. मागाचा जुना पट्टा, सायकलची चेन, चार चाकं आणि एक मोटार एवढ्यावर ते राक्षसाला गदा फिरवायला लावायचे. त्या साली गजेंद्रमोक्षाचा प्रसंग ठरला होता. मगरीने हत्तीचा पाय धरला आहे, हत्ती सोंडेत कमळ धरून धावा करतो आणि विष्णू गरुडावरून खाली येतो. हत्ती म्हणजे आपण आणि मगर म्हणजे कोण, यावर कामगारांचे विनोद चालायचे.

राऊला निघायच्या आदल्या दुपारी बद्रीभिया घरी आला. तो मिलमधला वेल्डर, नानांचा बारा महिन्यांचा जोडीदार, माळव्यातल्याच एका खेड्याचा. दारातच उभा राहून म्हणाला, "भाभीजी, नानासाब नी आए तो विष्णु भगवान ऊपर ही टंगे रह जाएँगे." आई हसली नाही. तिने त्याला चहा दिला आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. बद्रीभियाचा चेहरा उतरला. "तो फिर रहने दो," तो म्हणाला, "तबीयत पहले." हे मला मुद्दाम लिहायचं आहे. बद्रीभियाने हट्ट केला नव्हता. तो चहा पिऊन, कप स्वतः विसळून निघून गेला.

तो गेल्यावर आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "बेबी, त्यांचं मन झांकीत अडकलंय. उद्या सकाळी पलटतील. माझं बोलणं म्हणजे त्यांना रेडिओ वाटतो, चालू आहे तो चालू आहे. तुझं ऐकतात. तू त्यांना सांग, सीधा राऊला जा म्हणून. दोन महिन्यांची तर बात आहे." मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं होतं.

सकाळी मामा स्कूटर घेऊन आला. नानांची पिशवी खाटेवर भरून ठेवलेली, नाना चपला घालून खाटेच्या कडेला बसलेले. मी नुकतीच पूजेवरून उठले होते. आई हातात डबा घेऊन दाराशी उभी होती, वाटेत खायला तिने साबुदाण्याची खिचडी केली होती. नाना उठेचनात. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि, ज्या माणसाला हळू बोलता यायचं नाही, तो अगदी हळू बोलला, "काय करू बेबी? तू सांग. तू म्हणशील ते फायनल."

मला आजही ती वेळ जशीच्या तशी आठवते. मामा बाहेर स्कूटर पुसत होता. आईची नजर माझ्यावर होती. आणि मी म्हटलं, "देवाचं काम आहे ना नाना. त्याच्या कामात तो तुम्हाला काही होऊ देईल का? तुमची फिकर तो करेल. तुम्ही झांकीला जा. मी रोज आवर्तनं करते." मला वाटलं होतं मी काही तरी मोठं, पवित्र असं बोलले. नानांच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की माझाच ऊर भरून आला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मामाला आतूनच ओरडून सांगितलं, "अरे, जा रे तू! चतुर्दशीनंतर येतो!" आईने डबा खाली ठेवला आणि खाटेवर बसून पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढले. सदरे, धोतर, मफलर. घडी मोडू नये म्हणून दोन्ही हातांनी.

झांकीसाठी मिलचं एकच गोदाम उघडून मिळालं होतं, रुईचं. जिथे कापसाच्या गासड्या रचायचे ते. गासड्या केव्हाच गेल्या होत्या, पण छताच्या पत्र्यांना, कोपऱ्यांना, भिंतींच्या भेगांना जुना कापूस लोंबत होता, आणि कुठे हातोडा बसला की तो हवेत उतरायचा. मी रोज दुपारी नानांचा डबा घेऊन जायचे. मक्याचे दिवस होते, आई कोवळी कणसं किसून, दुधात शिजवून, हिरवी मिरची आणि जिरं घालून त्याचा किस करायची. नानांचा जीव होता त्याच्यावर. बद्रीभियाला त्यातला अर्धा जायचा. नाना मला यंत्र समजावून सांगायचे. हे चाक फिरलं की सोंड वर, त्या चाकाने विष्णू तारेवरून खाली. "पण सोंड वर गेली की लगेच नाही आणायचा त्याला," ते म्हणाले, "मोठ्या चाकाला आठ चक्कर मारू द्यायचे. पब्लिकचा जीव टांगणीला लागला पाहिजे. बुलाया और आ गया, तर त्याला हात कोण जोडेल?" बद्रीभिया खो खो हसला. मीही हसले.

तोंडाला बांधायला आईने त्यांना धुतलेला पंचा दिला होता. तो बहुतेक वेळ गळ्यात असायचा, कारण पंच्यातून ओरडता येत नाही आणि ओरडल्याशिवाय नानांचं काम चालायचं नाही. त्यांच्या भुवयांवर, मिशीवर कापूस बसलेला असायचा. एका दुपारी मी पोचले तेव्हा ते हत्तीच्या बांबूच्या पायाला धरून वाकून खोकत होते. इतका वेळ खोकत होते की मी डबा हातातच धरून उभी राहिले. खोकला थांबल्यावर त्यांच्या ओठांचा रंग मला दिसला. तो रंग चांगला नव्हता हे कळण्याइतकी मी मोठी होते. त्यांनी हाताने खूण केली, काही नाही, काही नाही.

मला जे लिहायचं आहे ते हे आहे. मला दिसलं होतं. अडाणी नव्हते, डॉक्टरांचं बोलणं माझ्यासमोर झालं होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढू शकले असते, ते आले असते, माझं ऐकायचे. मी काय केलं, तर गोदामातल्या त्या अर्धवट रंगवलेल्या विष्णूला नमस्कार केला, घरी आले आणि एकवीसऐवजी एक्कावन्न आवर्तनं करायला लागले. रोज खोकला वाढत होता आणि मी रोज आवर्तनं वाढवत होते. माझा घसा बसला. आईने मला मध-हळद दिली. एकदाच म्हणाली, "बेबी, अजूनही सांग त्यांना." मी मान हलवली आणि सांगितलं नाही. देवावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

चतुर्दशीला पाच दिवस असताना नाना गोदामात पडले. बद्रीभियाने त्यांना हातगाडीवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून रिक्षा, तिथून मोठं सरकारी हॉस्पिटल. छातीत पाणी झालं होतं, ताप होता, श्वास लागत होता. तोंडावर नळी असल्यामुळे त्यांना बोलता यायचं नाही. एकदा ती बाजूला करून ते मला म्हणाले, "बद्रीला सांग, पट्टा ओला होऊ देऊ नको. ओला झाला की सरकतो." त्यांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते. तिसऱ्या दिवशी सकाळी, आई त्यांचं तोंड पुसत असताना, ते गेले. मी व्हरांड्यात स्तोत्र म्हणत होते. आईने हाक मारली तेव्हा माझं एक आवर्तन अर्धं राहिलं होतं, आणि लाज वाटते सांगायला, मी ते आधी पुरं केलं आणि मग आत गेले.

झांकी निघाली. निघणारच होती. आम्ही सुतकात, त्यामुळे बघायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी बद्रीभिया आला, डोळे सुजलेले, आवाज गेलेला. त्याने पाट बाजूला सारला आणि आईसमोर जमिनीवरच बसला. "एक बार भी नी अटके भगवान, भाभीजी. पूरे रस्ते. नानासाब ने ऐसा बिठाया था कि आठ चक्कर मतलब आठ. लोग ताली पे ताली." मग तो रडायला लागला. आईने त्याच्या पाठीवर हात फिरवला. मला रडूही आलं नाही. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की विष्णू रस्ताभर खाली येत होता. मिल अर्थातच उघडली नाही. पुढे तिचं सामान भंगारात गेलं.

तेरा दिवस माणसं येत होती. सगळ्यांचं म्हणणं एकच. देवाच्या कामात गेले, सोनं झालं. गणपतीच्या दिवसांत गेले, किती पुण्यवान. त्याची इच्छा, आपल्या हातात काय आहे. चांगली माणसं होती, धीर द्यायला येत होती. मी प्रत्येकाकडे बघत बसायचे. मला वाटायचं, यांच्यातल्या एकाने तरी उठावं आणि म्हणावं, बेबी, तू चुकलीस. तुझ्या हातात होतं. कोणी म्हणालं नाही. सगळ्यांनी ते देवावर टाकलं आणि देव काहीच बोलला नाही.

चौदाव्या दिवशी मी सवयीने देवासमोर बसले. स्तोत्र सुरू केलं. मध्येच कुठे तरी मला जाणवलं की समोर कोणी नाही. राग नव्हता, भांडण नव्हतं. फोनवर आपण बराच वेळ बोलत असतो आणि लाईन केव्हाच कटलेली असते, तसं. मी थोडा वेळ बसून राहिले, मग निरंजन विझू नये म्हणून त्यात तूप घातलं आणि उठले. काही लोक लिहितात की देव गेल्यावर त्यांना मोकळं वाटलं. मला फार एकटं वाटलं. त्या घरात पंधरवड्यात दोघं गेले होते, त्यातल्या एकाचं सुतक आम्ही पाळलं. रोज ज्याच्याशी सगळं बोलायचे तो नव्हताच, मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलत होते? आणि तो नाही म्हटल्यावर नानांना गोदामात पाठवणारं कोण उरलं? हिशेब करायला दुसरं कोणी नव्हतंच.

पुढची वर्षं मी इथे पसरून लिहीत नाही. मी बी.एस्सी. केलं, मग एक लहानसा कोर्स, आणि सांवेर रोडच्या कारखान्यांजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले. नास्तिक बाईला नोकरी धर्मादाय दवाखान्यातच मिळाली, यावर माझी मीच पुष्कळ हसले आहे. काम छातीची तपासणी करण्याचं. नळीत जोरात फुंकायला लावायचं आणि कागदावर रेघ कशी येते ते बघायचं. ओतकाम करणारे, पॉलिश करणारे, पोती भरणारे लोक येतात. आकडा वाईट आला की म्हणतात, "ऊपरवाले की मर्जी, मैडम." तिथे माझं टाळकं फिरतं. मी त्यांच्या घरी जाते, बायकोशी बोलते, सुपरवायझरशी भांडते, तोंडाला नीट बांधलं का ते बघायला कारखान्याच्या फाटकाशी उभी राहते. लोक मला पाहून रस्ता बदलतात. पण काही जण ऐकतात. काही जण धुळीचं काम सोडून दुसऱ्या खात्यात जातात आणि त्यांची रेघ पुढच्या वर्षी जरा वर आलेली असते. मग ते देवळात जाऊन नारळ फोडतात आणि प्रसाद मला आणून देतात. मी खाते. याला आयुष्याचा अर्थ म्हणायचं की नाही ते मला ठाऊक नाही. एवढं माहीत आहे की दुसरं कोणी करणार नाही, आणि सकाळी उठायला मला तेवढं पुरतं. नाना त्याने परत येत नाहीत, हेही माहीत आहे.

लग्न केलं नाही. आई आणि मी, दोघीच राहिलो. तिचा देव तिच्याकडे, माझं नसणं माझ्याकडे. तिला वाकता येईनासं झालं तेव्हा दुर्वा मी तोडून आणायचे, निवडून जुड्या बांधून द्यायचे. शेजारणींना ती सांगायची, "बेबीला टाइम नसतो." मला म्हणायची, "तुझ्या वाटणीचा नमस्कार मीच करून टाकते." आम्ही यावर कधी भांडलो नाही. आणि त्या सकाळबद्दल तीस वर्षं एक शब्द बोललो नाही.

ती गेली त्याआधीच्या पावसाळ्यात, एका दुपारी, आम्ही कणसं किसत बसलो होतो. म्हणजे मी किसत होते आणि ती खाटेवरून बघत होती. तिचं बोलणं मंद झालं होतं, पण डोकं साफ होतं. मला काय झालं कोण जाणे, मी मान वर न करता म्हटलं, "आई, नानांना मी राऊला जाऊ दिलं नाही."

ती म्हणाली, "देवाची इच्छा होती बेटा."

"ते नको म्हणू आई. प्लीज. दुसरं काही पण म्हण."

बाहेर कोणी तरी भंगारवाला ओरडत जात होता. मग ती म्हणाली, "राग होता मला तुझा. तीन-चार वर्षं होता. तुला वाढताना हात जड व्हायचा माझा. मग कमी झाला. मग गेला."

मी किसणी खाली ठेवली. तीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते आणि ते इतक्या साध्या आवाजात येईल असं मला वाटलं नव्हतं.

"मी देवाला म्हणायची, लेकरू आहे, माफ कर तिला," आई म्हणाली. "पण तू तर त्याला मानतच नाहीस. त्याची माफी तुला पोचणार कशी? म्हणून मीच सांगते. मी माफ केलं तुला. बस?"

मला रडू आवरेना. कणसाच्या दुधाने माखलेले हात, डोळेही पुसता येईनात. आईने खाटेवरून पदर पुढे केला, पण तो पोचत नव्हता, म्हणून मीच सरकून तिच्याजवळ गेले. तिने माझं तोंड पुसलं. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"आणि माझं?" ती म्हणाली.

"काय तुझं?"

"डबा घेऊन मी दारातच तर उभी होते. वाट अडवली असती. पिशवी नेऊन स्कूटरवर ठेवली असती. कपडे काढत बसले मी." तिने पदर मांडीवर ओढून घेतला. "रोज त्याला विचारते बेबी, मला माफ केलंस का म्हणून. इतकी वर्षं झाली. तो काही बोलत नाही."

तिने माझं मनगट धरलं.

"तू बोल."

मी बोलले.